निसर्ग संस्थेचं विश्वस्त मंडळ: कोल्हापूर जिल्ह्यात ते कसं उभं करावं आणि कसं चालवावं

गव्याचा फोटो काढणारे कोल्हापुरात पुष्कळ आहेत, जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, म्हणजे फेरफार, वाचणारे थोडे. निसर्ग संस्था सुरू होते ती पहिल्या मंडळींच्या हौसेवर. वीस वर्षांनी ती उभी असेल की नाही, हे मात्र दुसऱ्या मंडळींवर ठरतं. म्हणून ज्यांना जिल्ह्यात वन्यजीव आणि जमीन राखण्यासाठी संस्था काढायची आहे, किंवा आहे त्या संस्थेची घडी बसवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. झाडं, पक्षी, सापांबद्दल यात फारसं काही सापडणार नाही. त्यांच्या नावावर उभ्या राहणाऱ्या संस्थेचा कारभार कोणी आणि कसा करायचा, एवढाच विषय आहे.

जिल्ह्याचं चित्र आधी डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला राधानगरी अभयारण्य आहे. १९५८ साली ते दाजीपूरच्या गव्यांसाठी सुरू झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. उत्तरेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, त्याचं मुख्य कार्यालय कोल्हापुरातच. या दोहोंच्या मधे आणि पार दक्षिणेपर्यंत विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. सरकारी जंगल वनखातं बघतं. पण गवा किंवा हत्ती सरकारी हद्द बघून चालत नाही. मधल्या मालकीच्या जमिनी, देवराया, सडे (खडकाळ पठारं), ओढ्याकाठच्या पट्ट्या यांच्याकडे कोणी बघत नाही, आणि संस्थेला खरं काम तिथेच आहे. मालकीची जमीन म्हटली की कागद आला, वारस आले, भाऊबंदकी आली. मंडळात कोण बसणार, हे या वास्तवावरून ठरवायचं.

पहिली पायरी: नोंदणी कशाखाली?

पर्याय तीन. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट (जुने लोक अजून ‘बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट १९५०’ म्हणतात), १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी. सोसायटीला किमान सात सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात तिची नोंद सार्वजनिक ट्रस्टवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय कार्यालयातही होते, त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांच्या संस्थेला दोन-दोन नंबर असतात. कलम ८ ची कंपनी मोठा निधी आणि पगारी माणसं असणाऱ्यांना बरी. गावपातळीवर तिचा वार्षिक कागदाचा बोजा झेपत नाही.

जमीन घ्यायची असेल तर माझा कौल ट्रस्टला. सोसायटीत सर्वसाधारण सभा कार्यकारिणी निवडते. कोल्हापूरकरांना निवडणूक शिकवावी लागत नाही. सभासद कसे वाढवायचे, कोणाचे अर्ज कपाटात ठेवायचे, हे इथे दूध संस्थेपासून सेवा सोसायटीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. संस्थेच्या नावावर रस्त्याकडेची चार एकर जमीन आली की निसर्गप्रेमी सभासद अचानक वाढायला लागतात. ट्रस्टमध्ये विश्वस्त कसे नेमायचे हे न्यासपत्रात (ट्रस्ट डीडमध्ये) ठरतं, त्यामुळे ही वाट अरुंद होते. उलट धोका म्हणजे ट्रस्ट एका घराण्याची मालमत्ता होऊन बसतो. त्यावर इलाज न्यासपत्रातच करायचा.

दुसरी पायरी: माणसं

इथे घाई करू नका. संस्था काढायची म्हटली की पहिली यादी मित्रांची होते, दुसरी मोठ्या नावांची. दोन्ही बाजूला ठेवा आणि संस्था पुढच्या दहा वर्षांत कोणत्या अडचणीत सापडू शकते ते लिहून काढा. बहुधा हेच निघेल: जमिनीचा वाद, हिशेबातली चूक, गावाशी बिघाड, वनखात्याची परवानगी न घेता केलेलं एखादं काम. प्रत्येक अडचणीपुढे, ती आली तर रात्री कोणाला फोन कराल, त्याचं नाव लिहा. तुमचं मंडळ बहुतेक त्याच नावांत आहे.

सात किंवा नऊ जण पुरेत. त्यात महसुली कागद वाचता येणारा एक हवा: निवृत्त मंडळ अधिकारी, भूमी अभिलेखातला माणूस किंवा दिवाणी वकील. हिशेब समजणारा एक हवा, पण संस्थेचा ऑडिटर विश्वस्त नको. स्वतःच्या कारभाराचं ऑडिट स्वतः करता येत नाही. वनस्पती किंवा प्राणिशास्त्राचा शिक्षक हवा. शिवाजी विद्यापीठ आणि जिल्ह्यातली कॉलेजं असताना अशा माणसांची वानवा नाही. पशुवैद्य मिळाला तर उत्तम.

आणि ज्या गावांत काम करणार तिथले किमान दोघे हवेत. शोभेसाठी नव्हे, मताधिकारासह. बहुतेक शहरी संस्था इथेच कमी पडतात. शहरातल्या ताराबाई पार्कात सभा, इंग्रजीत अजेंडा, आणि गावातल्या काकांना ‘निमंत्रित’ म्हणून चहा, असा तो प्रकार असतो. गव्यांनी ज्याचा ऊस तुडवला आहे आणि नुकसानभरपाईच्या पंचनाम्यासाठी ज्याने खेटे घातले आहेत, तो माणूस मंडळात बसला की ठरावांची भाषा बदलते. ‘जनजागृती करणे’ हा ठराव तो होऊ देत नाही. ‘आधी पंचनाम्याचा फॉर्म कसा भरायचा ते गावाला सांगा’ म्हणतो. महिला बचत गटातली एखादी ताईही बघा. सरपण, चारा आणि पाण्याची वाट कुठून कुठे जाते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

कोणाला घेऊ नये, हेही सांगतो. पदावर असलेला लोकप्रतिनिधी नको. तो चांगला असला तरी सत्ता पालटली की संस्था ‘त्यांची’ ठरते. जमिनीच्या दलालीत किंवा खाणीच्या ठेक्यात हितसंबंध असलेला नको. आपल्या पश्चिमेकडच्या सड्यांखाली बॉक्साइट आहे, हे विसरून चालणार नाही. केवळ नाव छापायला दिलेला मोठा माणूसही नको. त्याला ‘मार्गदर्शक’ करा, मान द्या, सही देऊ नका. कारण विश्वस्ताची जबाबदारी हजेरीवर अवलंबून नसते. ‘मी कधी सभेला आलोच नव्हतो’ हे धर्मादाय कार्यालयात बचाव म्हणून चालत नाही. उलट तोच आरोप होतो.

विचारताना सरळ विचारा: “सर, वर्षाला सहा सभा, दोन दिवस जागेवर, आणि कागद वाचून सही. जमेल का?” जो लगेच “हो, काय लागतंय त्यात!” म्हणतो त्याला आठ दिवस विचार करायला द्या.

तिसरी पायरी: न्यासपत्र

टायपिंगवाल्याकडचा तयार मसुदा शाळेसाठी नाहीतर देवळासाठी केलेला असतो. त्यात उद्देशांची लांबलचक यादी असते, गायनस्पर्धेपासून वृद्धाश्रमापर्यंत. ती छाटा. उद्देश मोजके आणि नेमके ठेवा: अधिवासासाठी जमीन धारण करणे, तिची देखभाल, वन्यजीवांचा अभ्यास, गावांबरोबर काम. उद्देशाबाहेर खर्च झाला की आयकरापासून धर्मादायपर्यंत सगळीकडे उत्तर द्यावं लागतं.

वकिलांसमोर ही कलमं धरून बसा. मुदत: पाच वर्षं, सलग दोन मुदतींनंतर एक मुदत बाहेर. एकाच वेळी सगळे निवृत्त होणार नाहीत अशी रचना. तहहयात विश्वस्त शक्यतो नकोच. २०२५ मध्ये राज्याने कायद्यात बदल करून त्यांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशापर्यंतच ठेवली आहे. एका कुटुंबातले एकापेक्षा जास्त नकोत. सलग तीन सभांना विनाकारण गैरहजर राहिला तर पद रिकामं. गणपूर्ती किती, हे आकड्यात. जमिनीचा व्यवहार साध्या बहुमताने होणार नाही, तीन चतुर्थांश मतं लागतील. आणि संस्था बंद पडली तर मालमत्ता समान उद्देशाच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे जाईल, विश्वस्तांकडे नाही. हे शेवटचं कलम नसेल तर आयकराची नोंदणी अडते.

चौथी पायरी: धर्मादाय कार्यालय

नोंदणी झाली की ‘परिशिष्ट एक’चा उतारा मिळतो. विश्वस्तांची नावं, मालमत्ता, सगळं त्यात. ट्रस्टचा सातबाराच म्हणा ना. विश्वस्त बदलला, वारला, पत्ता बदलला, जमीन आली, की कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा. आपल्याकडच्या संस्थांचा सगळ्यात मोठा आजार हाच आहे. माणसं बदलतात, उतारा बदलत नाही. मग पंधरा वर्षांनी बँक विचारते की उताऱ्यावरचे सातपैकी चार जण हयात आहेत का. त्यातच भांडण झालं तर दोन गट दोन चेंज रिपोर्ट दाखल करतात आणि निकाल लागेपर्यंत खातं गोठतं.

म्हणून साधा नियम करा. नेमणुकीच्या ठरावातच, चेंज रिपोर्ट कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत दाखल करणार, हे लिहा. सोबत सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, इतिवृत्ताची प्रत आणि नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र लागतं. नोटिशीचा पुरावा नसेल तर चांगला ठरावही लटकतो. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला म्हणजे नोटीस पोचली, असं न्यासपत्रात लिहिलेलं नसेल तर समजू नका.

पाचवी पायरी: जमीन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

जमीन घ्यायचं ठरलं की पहिला अडथळा कूळकायद्याचा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ट्रस्ट म्हणजे शेतकरी नव्हे. मग कोणीतरी सुचवतो, “आण्णांच्या नावावर घेऊया, ते खातेदार आहेत. नंतर ट्रस्टला देऊ.” मंडळाने इथेच थांबवायला हवं. आण्णा भले माणूस असतील. पण उद्या आण्णा गेले तर वारसांची नावं सातबारावर लागतात. आण्णांनी कोणाला जामीन दिला असेल तर जप्ती त्या जमिनीवर येते. मुलीने वाटणीचा दावा केला तर तिची चूक नाही, कागद तिच्याच बाजूने आहे. देणगीदारांच्या पैशाने घेतलेली जमीन अशी खाजगी होऊन बसते, आणि ज्यांनी ठराव केला ते विश्वस्त त्याला जबाबदार ठरतात. परवानगीला वेळ लागला तरी चालेल, पण नाव संस्थेचंच हवं.

कागद पाहताना नुसता चालू सातबारा पाहू नका. जुने फेरफार क्रमाने काढा. भोगवटादार वर्ग एक की दोन (वर्ग दोनची जमीन विकायला सरकारी परवानगी लागते), ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव आहे का, बँकेचा बोजा आहे का, खाजगी वनाची नोंद आहे का, पुनर्वसनासाठीचा शेरा आहे का. देवराईची जमीन असेल तर आणखी सावध. आपल्याकडे पुष्कळ देवस्थानांचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे आहे, इनामी जमिनी वेगळ्याच नियमांत अडकलेल्या असतात, आणि गुरव, मानकरी, गावकरी अशा प्रत्येकाचा काहीतरी हक्क असतो. देवराई विकत घ्यायच्या फंदात पडू नये, असं माझं मत आहे. ती गावाची आहे आणि गावाची आहे म्हणूनच टिकली आहे. तिथे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांच्यामार्फत काम करा.

खरेदीआधी भूमी अभिलेखाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि त्या दिवशी किमान तीन विश्वस्तांनी बांधावर उभं राहा. लगतच्या खातेदारांना तिथेच भेटा. पाणंद कुठून जाते, गुरं कुठे चरतात, उन्हाळ्यात पाण्याला कोण येतं, हे विचारून इतिवृत्तात लिहा. नंतर काटेरी कुंपण घालायची हुक्की येणारच. ते कुंपण माणसाची वाट अडवतं आणि गव्याचीही. वाट अडवलेला गवा मग शेजाऱ्याच्या उसातून जातो, आणि शेजारी तुमचं नाव घेतो.

विकत न घेताही जमीन राखता येते, हे फार संस्थांच्या लक्षात येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३६क खाली ‘सामुदायिक राखीव’ हा प्रकार आहे: मालकाने किंवा समुदायाने स्वेच्छेने दिलेली खाजगी किंवा सामाईक जमीन सरकार जाहीर करतं, मालकी बदलत नाही, पण नंतर जमिनीचा वापर मनासारखा बदलता येत नाही. मालकाला हे शेवटचं वाक्य स्पष्ट सांगा, लपवू नका. सरकारी जमिनीवरच्या संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीत ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींबरोबर वन्यजीव संवर्धनातल्या संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात. आपल्या जिल्ह्यात अशी क्षेत्रं इतकी असताना, तिथे बसू शकेल असा माणूस मंडळाने तयार ठेवायला हवा.

जमीन आल्यावर ती कायद्याने घट्ट धरलेली असते. विकायची, गहाण टाकायची, अदलाबदल करायची, शेतजमीन दहा वर्षांपेक्षा किंवा बिगरशेती तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर ट्रस्ट कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ट्रस्टसाठी कर्ज काढायचं असेल तर तिथेही आधी धर्मादाय कार्यालयात विचारा. नवे विश्वस्त याला कटकट म्हणतात. संस्थेची जमीन वाचते ती बहुतेक वेळा याच कटकटीमुळे.

आणि वर्षाचं कॅलेंडर मंडळाने मंजूर करावं: वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा), पावसाळ्याआधी ओढ्यांची पाहणी, पावसानंतर परक्या तणांची काढणी. कामं कार्यकर्ते करतील. पैसे आणि माणसं वेळेवर मिळाली की नाही, हे विश्वस्तांनी बघायचं.

सहावी पायरी: प्राण्यांच्या बाबतीत लगाम

साप पकडणारी, जखमी पक्षी उचलणारी पोरं संस्थेचा चेहरा असतात, आणि संस्था सर्वांत लवकर अडचणीत येते तीही त्यांच्यामुळेच. मंडळाने लेखी धोरण करावं. वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. ताब्यात आला तर ४८ तासांत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. कार्यालयात पिल्लू पाळायचं नाही. अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं, कॅमेरा ट्रॅप लावायचा, तर आधी वनखात्याची परवानगी. पकडलेल्या नागासोबत रील काढणाऱ्याला संस्थेचा टी-शर्ट मिळणार नाही. शेवटचा नियम पाळून घेणं सगळ्यात कठीण जातं.

बोलायचं कोणी, हेही आधी ठरवा. नांदणी मठाची हत्तीण गुजरातला हलवण्यावरून २०२५ मध्ये जिल्हा कसा ढवळून निघाला ते सगळ्यांनी पाहिलं. प्राण्यांचा प्रश्न इथे भावनेचा, श्रद्धेचा आणि राजकारणाचा एकदम होतो. अशा वेळी संस्थेच्या नावाने सात विश्वस्तांनी सात पोस्टी टाकल्या तर गावातलं वीस वर्षांचं काम आठवड्यात जातं. एक अध्यक्ष, एक सचिव, बाकीच्यांनी “मंडळाचं मत ते सांगतील” एवढंच.

सातवी पायरी: पैसा

३१ मार्चला वर्ष बंद, सहा महिन्यांत ऑडिट. आयकराची नोंदणी, म्हणजे लोक जिला ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ म्हणतात ती, कायमची नसते. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पावतीचा मजकूर सीएकडून तपासून घ्या. दोन हजार रुपयांवरची रोख देणगी ऐंशी-जीच्या सवलतीला चालत नाही. परदेशातल्या भाच्याने परकीय चलनात पाठवलेले पैसे घेण्याआधी विचारा. परदेशी नागरिकत्व घेतलेला दाता असेल तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचा कायदा, लागू होतो, आणि तिथे ‘माहीत नव्हतं’ चालत नाही.

कोल्हापुरी सवयीबद्दल एक इशारा. संस्थेची ठेव ओळखीच्या पतसंस्थेत ठेवायची पद्धत आहे, व्याज अर्धा टक्का जास्त मिळतं म्हणून. ट्रस्ट कायद्याच्या कलम ३५ मध्ये शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारने मान्यता दिलेली सहकारी बँक आणि सरकारी रोखे येतात. पतसंस्था येत नाही. ती बुडाली तर भरपाई विश्वस्तांच्या खिशातून मागितली जाऊ शकते.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा, पैसा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांकडून मिळू शकतो. पण त्यांना बहुधा झाडं लावायची असतात, आकडा मोठा आणि जून महिन्यात. तुमची जागा सडा असेल तर नाही म्हणा. मसाई पठारासारख्या जांभ्या खडकाच्या सड्यावर पावसाळ्यापुरती उगवणारी बारीक झाडंझुडपं, गवतं आणि पाण्याची डबकी हाच तिथला खजिना. तिथे खड्डे मारून रोपं लावणं म्हणजे तो बुजवणं. पाच लाखांच्या धनादेशाला लेखी नकार देणारं मंडळ मला भेटलं की मी त्या संस्थेवर विश्वास ठेवतो.

आठवी पायरी: सभा

कारखान्याच्या वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’ करून दहा मिनिटांत विषयपत्रिका उरकलेली आपण पाहिली आहे. विश्वस्तांच्या सभेत तसं होऊ देऊ नका. कागद सात दिवस आधी पाठवा. पहिला विषय मागच्या ठरावांचं काय झालं, दुसरा हिशेब, तिसरा जमीन. कार्यक्रम, बॅनर, सत्कार शेवटी. इतिवृत्तात विरोधी मत नावानिशी लिहा, कारण पुढे चौकशी झाली तर विरोध नोंदवलेल्याला तेवढाच आधार असतो.

दरवर्षी एप्रिलच्या सभेत प्रत्येकाने आपले हितसंबंध लेखी द्यावेत: कोणत्या गावात जमीन, कोणता व्यवसाय, कोणत्या बँकेत संचालक. त्या विषयाला तो बाहेर जाईल आणि तसं इतिवृत्तात येईल. विश्वस्ताच्या मेव्हण्याची जीप संस्थेने भाड्याने घेतली तर दर बाजारभावाचाच हवा आणि तीन कोटेशनं फाइलला हवीत. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातलगाला जादा फायदा दिला तर करसवलतही जाऊ शकते. संकोच वाटतो, खरं आहे. “तात्या, तुमचाच विषय आहे, जरा बाहेर थांबता का?” हे म्हणायला पहिल्या वर्षी जड जातं. पहिल्यांदा अध्यक्षांनीच स्वतःच्या विषयाला उठून बाहेर जावं, मग बाकीच्यांना सोपं होतं.

हिशेब वारंवार न देणं, कायदेशीर आदेश डावलणं, निधीचा गैरवापर अशा कारणांवरून ट्रस्ट कायद्याच्या कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा बडतर्फ करता येतं. नव्या विश्वस्ताला हे कलम नेमणुकीच्या दिवशीच वाचायला द्यावं, हार-तुऱ्यांच्या आधी.

नववी पायरी: निरोप

मुदत संपलेल्या विश्वस्ताकडून काय काय परत घ्यायचं याची यादी ठेवा. मूळ खरेदीखत, मोजणीचा नकाशा, शिक्के, चेकबुक, कपाटाची किल्ली. बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव त्याच सभेत करा. आणि आयकर, धर्मादाय आणि बँकेच्या पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर आधी बदलून घ्या. बहुतेक ठिकाणी तो संस्थापक सचिवांचा असतो, आणि ते मुलाकडे बेंगळुरूला गेले की प्रत्येक ओटीपीसाठी त्यांना दुपारच्या झोपेतून उठवावं लागतं.